नाकावरचा हार

आमच्या ह्यांना दोन व्यसनं. एक फिल्टर कॉफीचं आणि दुसरं शहाण्णव सालच्या त्या टर्बो गाडीचं. कॉफी निदान सकाळी संपते.

गाडी सपाटीवर वाघ आणि घाटात शेळी. मलेशियातल्या इपोहहून वर कॅमेरॉनच्या डोंगरात माझ्या भावाकडे जायला निघालं की सिंपांग पुलाईचा चढ लागतो, आणि पंधरा मिनिटांत हे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभे. "हवा तापली," म्हणायचे. टर्बो म्हणे हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की ती तापते, आणि तिला गार करायला बसवलेला इंटरकूलर नेमका इंजिनाच्या डोक्यावर. चुलीवर फ्रीज ठेवायची अक्कल ज्याने लढवली, त्याला कुणीतरी पगारही दिला असेल.

मागच्या वर्षी मणिमारनची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, वास्तुशांत होती. आम्ही घाटात बॉनेटकडे बघत उभे आणि वर मुहूर्त टळला. थोरली बहीण पोहोचली नाही म्हणून दूध उतू घालवायचा मान त्याच्या मेव्हणीने घेतला. त्या मेव्हणीने! मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "मारियम्मन देवीची शपथ, पुढच्या वेळी ही गाडी घाटात एकदा जरी थांबली तर सोमवारी भंगारात."

मारन खुश. त्याने भंगारवाल्याचा नंबरसुद्धा काढून ठेवला. "अक्का, पंच नको आपल्याला," म्हणाला. "दाजींना खोटं बोलता येत नाही. मी विचारीन, ते सांगतील."

हे दुसऱ्या दिवशी लिओंगच्या गॅरेजात जाऊन बसले.

लिओंगकडे जपानातून अर्ध्या कापून आणलेल्या गाड्यांची रास असते. त्यातून दोघांनी बॉनेटवर बसवायचं एक मोठं नाक शोधलं, वारा आत ओढणारं. त्याच्याखाली बसणारा एक प्लास्टिकचा साचा निघाला, आलेल्या वाऱ्याचे फाटे पाडून तो इंटरकूलरभर सारखा वाटणारा. जुन्या नाकातून आलेला अर्धा वारा म्हणे कडेने पळून जायचा.

"हवा फार आळशी असते, आंटी," लिओंगने मला समजावलं. "फट दिसली की तिथूनच जाणार. कामाच्या जागी जायलाच नको."

"ओळखते मी तिला," मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं.

फटी बुजवायला फोम हवा होता. तो कुठून आला ते मला योगासनाच्या वर्गात कळलं. चटई उलगडली तर मधोमध नाकाच्या आकाराचं भगदाड! मग बॉनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवून वारा कुठे जातो ते बघायचं होतं, तर गाडी मला चालवायला लावली आणि हे खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. चिनी दफनभूमीपाशी फुलं वाहायला आलेली माणसं थबकून बघत होती. मी मान खाली घालून चालवली. शेवटी आत एक छोटा काटा बसला, इंजिनात जाणारी हवा किती तापलीय ते सांगणारा. महिनाभर हे जेवताना त्याचे आकडे सांगत. मी आमटी वाढत होते.

मारनच्या मुलीचा, माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला, अकराचा मुहूर्त. आमच्यात मुलीच्या आत्याने ताट उचलल्याशिवाय पुढचं काही होत नाही. निघायच्या आधी मी गाडी देवळात न्यायला लावली. नवं सामान बसवलंय, पूजा नको? चाकांखाली लिंबं चिरडली, काचेवर विभूतीची बोटं उठली, आणि गुरुजींनी मनगटाएवढा जाड मोगऱ्याचा हार बरोबर त्या नाकावर आडवा टाकून दोन्ही टोकं आरशांना बांधली.

"अगं तिलका, नाकावर..." हे पुटपुटले.

"देवीचा हार आहे. पोहोचेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

गुरुजींनीही मान डोलावली. त्यांचं काय जात होतं!

चढ सुरू झाला तेव्हा काटा बेचाळीसवर होता. ह्यांचा चेहरा नवरदेवासारखा. मग पन्नास. मग अठ्ठावन्न. गाडीत मोगऱ्याचा असा घमघमाट सुटला की मी आधी देवीचीच कृपा समजले. मग बघते तर वाऱ्याने हार चेपून नाकात अर्धा आत गेलेला, आणि पाकळ्या त्या महागड्या फाट्यांमध्ये.

भाज्यांनी लादलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. सदुसष्ट. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. ह्यांनी एसी बंद केला, पाय हलका केला, रेशमी सदरा पाठीला चिकटला. पण थांबले नाहीत.

"नाक बुजलंय ना?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काय. तू देवीसमोर बोललीस." एक हात त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "जाईल तिथपर्यंत जाईल."

माझं डोकंच फिरलं. भांडला असता तर बरं! एवढी माणसाची जिवाची गाडी, डोळ्यांदेखत मरायला टाकली, का तर बायको बोलली म्हणून. एकतीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकायला हा दिवस निवडला?

"थांबवा."

"थांबलो तर गेली, तिलका."

"थांबवा म्हणते ना!"

त्र्याहत्तरवर थांबलो. मी कांजीवरम खोचून उतरले, आरशांच्या गाठी सोडल्या, नाकातून हार ओढून काढला, बोटं घालून पाकळ्या उपसल्या. तोंडाने देवीची क्षमा मागत होते आणि हाताने बॉनेट बडवत होते. आता हार ठेवायचा कुठे? देवीचा हार रस्त्यावर टाकवेना. मागच्या सीटवर साखरपुड्याची ताटं, तिथे जागा नव्हती. हे मदतीला उतरून समोर उभेच होते. घातला गळ्यात.

मागून आलेल्या दुसऱ्या एका ट्रकवाल्याने लांबलचक हॉर्न दिला. "नवं लग्न का, पाकचिक?" तो ओरडला. पाकचिक म्हणजे मलय भाषेत काका. "नवरी जरा चिडकी दिसते!"

मग गाडी जी सुटली! पासष्ट, पंचावन्न, सत्तेचाळीस. हे मोठ्याने आकडे म्हणत होते, आणि खरं सांगते, वळणावर मान झुकवून मीही म्हणायला लागले होते. तो भाज्यांचा ट्रक मागे टाकला तेव्हा मी खिडकीतून हातसुद्धा केला.

पावणेअकराला मारनच्या दारात. तो फाटकाशीच उभा, हातात फोन. आधी खिडकीतून गाडीतला काटा बघितला, मग ह्यांना.

"दाजी, वेळेत आलात. थांबलात कुठे?"

ह्यांनी तोंड उघडलं. त्या तोंडातून काय येणार ते मला माहीत होतं.

"कुठेही नाही," मी म्हटलं. देवीची शपथ घेतलेली, आणि मी तिच्याच नावाने खोटं बोलत होते.

"मग हा हार?"

"मी घातला. नवऱ्याला हार घालायला आता तुझी परवानगी काढू?"

"चालत्या गाडीत?"

"चालत्या गाडीत."

मारन माझ्याकडे बघून हसला. लहानपणापासून माझं खोटं ओळखतो तो. "तू राहू दे अक्का. दाजी, तुम्ही सांगा."

ह्यांनी कपाळ पुसलं. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. देवळात जाऊन मी नंतर काय ते नाक घासीन, पण हा माणूस आत्ता खरं बोलला असता तर गाडीच्या आधी मी त्यालाच भंगारात विकलं असतं.

"तुझी अक्का म्हणते," हे म्हणाले, "तसंच."

एकतीस वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्याला त्यांनी असा रुकार दिला नव्हता. मारनने फोन खिशात टाकला. मी साखरपुड्याचं ताट उचललं आणि त्या मेव्हणीच्या अंगावरून आत गेले.