ईशानचं रक्त

देवयानीचं रक्त निगेटिव्ह, ईशानचं पॉझिटिव्ह. पोटातल्या बाळाने बापाचं रक्त उचललं होतं आणि आईचं शरीर ते परकं समजून त्याच्यावर उलटलं होतं. किती उलटलंय, ते अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या दवाखान्यात दर दोन आठवड्यांनी तिचं रक्त तपासून कळे. आकडा आधी चार होता, मग सोळा. चोविसाव्या आठवड्यात चौसष्ट झाला.

असं का झालं ते दोघांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेले असताना देवयानीचा तीन महिन्यांचा गर्भ पडला. नर्सने बजावलं होतं, उद्या येऊन इंजेक्शन घेऊन जा, नाहीतर पुढच्या बाळाच्या रक्तावर तुमचं शरीर उलटेल. पण दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. "तिकडे जाऊन घेऊ," ईशान म्हणाला होता. इकडे आल्यावर ऑफिस सुरू झालं आणि ते राहूनच गेलं.

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, बाळाच्या अंगात रक्त फार कमी उरलंय, नाळेतून द्यावं लागेल.

"माझं घ्या," ईशान पटकन म्हणाला. "लागेल तेवढं घ्या."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्याच्यासारख्या रक्तावरच तर आईचं शरीर तुटून पडत होतं. बाळाला कुणा अनोळखी माणसाचं निगेटिव्ह रक्त चालणार होतं, बापाचं नाही.

देवयानीला आत न्यायला अजून वेळ होता. ईशान तिच्या पलंगाशी खाली मान घालून उभा राहिला.

"तू ओरड ना माझ्यावर. एकदा तरी."

"ओरडून काय होणारे? माझ्याही लक्षात राहिलं नाही." मग ती म्हणाली, "पाय चेप जरा. गार पडलेत."

तो पाय चेपत राहिला. तेवढंच त्याच्या हातात होतं.

असं चार वेळा रक्त चढवलं. चौतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, हळदीसारखी पिवळी. पहिल्याच दिवशी तिचं सगळं रक्त बदललं, मग निळ्या दिव्यांखाली ठेवलं. अठराव्या दिवशी तिला घरी सोडलं, पण ऐकण्याच्या तपासणीत डावा कान पास झाला नव्हता. काविळीने असं होऊ शकतं, दोन महिन्यांनी पुन्हा बघू, असं सांगितलं.

घरी आल्यावर ईशान पाळण्याजवळ गेला. मुलगी उजव्या कुशीवर झोपली होती, डावा कान वर. टाळी वाजवायला त्याने दोन्ही हात उचलले.

"वाजव ना," दारातून देवयानी म्हणाली.

त्याने हात खाली घेतले आणि दुपटं सारखं केलं.