सामानापाशी

आमच्या घरात सामानापाशी याडी बसते. याडी म्हणजे माय. आमच्या बंजाऱ्याइच्या गोरबोलीत मायले याडीच म्हणतात. हे कोणी बैठक घेऊन ठरवलं नाही. बैलाच्या पाठीवर माल लादून मुलुखभर फिरणारी आमची माणसं. तळ पडला का एक जण मालापाशी बसलाच पाह्यजे, मग काही होवो. बैल गेले, माल गेला, तांड्यात पक्की घरं झाली, शेती आली. बसणारं माणूस तेवढं राह्यलं.

लग्नात आम्ही पंगतीत असलो का ती पिशव्यापाशी. दवाखान्यात माझी निशिगंधा झाली तेव्हा सारे पोरगी पाहाले आत गेले, ती व्हरांड्यात गाठोड्यापाशी. चिखलदऱ्याले गेलतो तं आम्ही दरी पाह्यली अन् तिनं पार्किंग पाह्यली. घरातल्या फोटोत ती कुठंच नाही. हे मले आता सुचून राह्यलं. तेव्हा काहून सुचलं नाही ते विचारू नका, मले राग येते.

राग मले तसाही लवकर येते. दारव्ह्यात माझं कूलर दुरुस्तीचं दुकान हाये. मे महिना म्हणजे माझा सीझन. "जीवनभाऊ, मोटर घरघर करून राह्यली." "जीवनभाऊ, गवताच्या ताट्या बदलून द्या, आजच्या आज." गावाले थंड हवा द्यायची अन् आपण टिनाखाली भाजून निघायचं, असा हा धंदा. तरी दोन वर्षांपासून पोट्टे मागं लागले होते, वॉटर पार्कले न्या, वॉटर पार्कले न्या. शेवटी वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तोंड उघडलं.

"राहू द्या बाप्पा. या पोट्ट्याइचे लगन झाले का मंग न्या, वरातीतूनच."

मग काय करता! एका सोमवारी दुकानाले कुलूप लावलं, गाडी भाड्यानं केली अन् निघालो नेर रोडवरच्या नव्या वॉटर पार्कले. मी, वर्षा, नऊ वर्षांची निशिगंधा, सहा वर्षांचा अक्षय, अन् याडी.

याडी साऱ्याइच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसली होती. तिनं सारा बंदोबस्त केला होता. कैरीचं पन्हं, धपाटे, डोक्याले बांधाले ओले दुपट्टे, अन् उन्हाची झळ लागू नये म्हणून साऱ्याइच्या खिशात एक एक कांदा. माझ्या पँटच्या खिशातही कोंबला. चाळीस वर्षांचा माणूस मी, पण कांद्यापुढं कोणाचं चालत नाही. तिच्या मांडीवर एक पिवळी पिशवी होती, वरून गच्च गाठ मारलेली. अक्षयनं हात लावला तं तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"त्यात काय हाये दादी?"

"कांदे हायेत. बस चूप."

गाडीत ती खिडकीपाशी बसली. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेले काळे वावरं, झळा निघत होत्या. मधातच ती निशीले म्हणे, "ते लाट येते म्हणतं तू, किती उंच येते?"

"तुह्या कमरेवरी, दादी."

"मंग माणूस पडत नाही?"

"पडते न! पडाचंच असते."

मी समोर बसलो होतो. ऐकलं, पण ड्रायव्हरले एसी वाढवाले सांगून राह्यलो होतो. ते एसी नव्हतंच, नुसता पंखा होता.

अकरा वाजता पोचलो. फाटकातूनच पाण्याकडं तोंड केलेला सिमेंटचा डायनासोर दिसत होता, त्याच्या तोंडातून पाणी पडत होतं. फरशी अशी तापली होती का चप्पल काढली तं माणूस नाचते. पंचेचाळीस डिग्री असन कमीत कमी. तिकिटाच्या खिडकीपाशी मोठा बोर्ड होता: साडी व सुती कपडे घालून पाण्यात उतरण्यास मनाई आहे. मी तो मोठ्यानं वाचला अन् सहज म्हटलं, "हे बरं हाये, याडीचा प्रश्नच मिटला."

याडीनं बोर्डाकडं पाह्यलं. तिले वाचता येत नाही. मग खिडकीतल्या पोरीले तिनं स्वतः विचारलं, "बाई, ते सामान ठेवाचं कपाट राह्यते म्हणे. भेटते का?"

"लॉकर आहेत न आजी. देऊ का?"

"लॉकर कायले?" मी मधातच बोललो. "माणूस हाये न आमच्यापाशी."

हे वाक्य माझंच. दुसऱ्या कोणाच्या नावावर मले टाकता येत नाही.

पाण्याच्या कडेले बसायची जागा नव्हती. दूर भिंतीपाशी एक टिनाचं शेड होतं, तिथं बाकडे होते. चार पिशव्या, चपला, मोबाईल, घड्याळ, वर्षाचं मंगळसूत्र, सारं याडीच्या ओटीत टाकून आम्ही पळालो. पळालोच. मी कपडे बदलून येईपर्यंत अक्षय पाण्यात होता.

आता खोटं कायले बोलू, मजा आली. पहिली लाट अंगावर आली अन् सारा सीझन धुऊन निघाला. घसरगुंडीवरून मी चार वेळा आलो, पाचव्यांदा पोटावर आलो. वर्षा तं अशी ओरडत होती का मी लगनापासून तिचा तेवढा आवाज ऐकला नव्हता. दीड वाजता जेवाले शेडमध्ये आलो तं याडी पिशव्या घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाले गेली होती. ऊन सरकलं का ती सरकत होती, चारही पिशव्या ओढत. वरचा पंखा भट्टीवर फुंकर मारल्यासारखी हवा सोडत होता. मी कूलरवाला माणूस. टिनाखाली दुपारी काय होते ते मले कोणी सांगाची गरज नाही. मी वर पाह्यलं, मले समजलं, अन् मी धपाटा खाल्ला.

"पन्हं पेत राह्य वं याडी," मी म्हटलं.

"हव," ती म्हणे. "लाटेत पडला का तू?"

"दोनदा."

ती हसली. पोट्टे पळाले, त्याईच्या मागं आम्ही पळालो.

साडेतीनच्या सुमारास निशी दुपट्टा घ्याले शेडमध्ये गेली अन् उलट्या पावली पळत आली. "पप्पा, दादी बोलून नाही राह्यली."

ओल्या पायानं धावत गेलो, दोनदा घसरलो. याडी बाकड्यावर आडवी झाली होती. तोंड लाल, अंग तव्यासारखं, ओठ कोरडे. एका हाताच्या मनगटाले चारही पिशव्याचे बंद गुंडाळलेले. पन्ह्याची बाटली रिकामी, पाण्याची रिकामी.

"पाणी काहून नाही भरलं?" मी ओरडलो. घाबरलो का मी ओरडतोच. "थो नळ हाये न समोर! दिसत नाही?"

तिनं डोळे उघडले. "सामान टाकून कशी जाऊ?"

नळ चाळीस पावलांवर होता. मी नंतर मोजले. अकरा वाजल्यापासून ती लघवीलेही उठली नव्हती.

वर्षानं तिचं डोकं मांडीवर घेतलं अन् दुपट्टे भिजवून अंगावर टाकले. पार्कातल्या दवाखान्याच्या खोलीतली पोरगी मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली, नाडी पाह्यली, म्हणे, घाबरू नका, वेळेवर पाह्यलं तुम्ही. वेळेवर! मले तिच्याकडं पाहाची लाज वाटली. करता काही येत नव्हतं, म्हणून तळपायाले कांदा चोळावा म्हटलं. माझा कांदा पँटच्या खिशात, पँट कोणत्या पिशवीत काय मालूम. मी कांद्याची म्हणून पिवळी पिशवी ओढली. गाठ सुटेना, दातानं सोडली.

कांदा एकही नव्हता. वर टॉवेल होता. खाली जुन्या पेपरात गुंडाळून निळी नायलॉनची पँट अन् पुऱ्या बाह्यांचं निळं शर्ट. पाण्यात घालतात ते. लेबल अजून तसंच. एक प्लास्टिकची टोपीही होती केसावर घालाची, गुलाबी.

"हे कोणाचं हाये?" मी वर्षाले विचारलं. तिलेही मालूम नव्हतं.

निशी खाली मान घालून उभी होती. "दादीचं हाये," ती म्हणे. "आम्ही बजारातून आणलं. साडी चालत नाही म्हणून मीच सांगतलं होतं तिले."

"मंग बोलली काहून नाही तू? सकाळपासून!"

"दादी म्हणे, सांगू नको. म्हणे, तुहा पप्पा विचारन मले, याडी तू येतं का म्हणून. मंग मी पिशवी उघडीन."

वर्षानं माझ्याकडं पाह्यलं. मी ते कपडे हातात घेऊन उभा होतो. मले लय वाईट वाटलं. दुसरा शब्द मले येत नाही.

तासाभरात याडीचं अंग उतरलं. उठून बसली, दोन गिलास पाणी पेली, तोंडावर हात फिरवला. अन् तिची नजर पिवळ्या पिशवीवर गेली. सुटलेली गाठ तिले दिसली. तिनं पदर सावरला, लहान पोरीवानी दुसरीकडं पाहू लागली.

तेवढ्यात भोंगा वाजला. शेवटची लाट पाच वाजता, असं माईकवरून सांगू लागले.

मी तिच्यासमोर खाली बसलो. जे सकाळी तिकिटाच्या खिडकीपाशी विचाराचं होतं ते विचारलं.

"याडी, पाण्यात येतं का?"

"आता काय," ती म्हणे. "काई छेनी, काही नाही. राहू दे."

"येतं का, ते सांग."

ती पिशव्यांकडं पाहून हळूच म्हणे, "अन् सामान?"

मले लॉकर घेता आलं असतं. खिडकी उघडीच होती. पण मले ते सुचलं नाही, किंवा सुचूनही मी गेलो नाही. आमच्या रक्तातच ते असन.

"मी बसतो," मी म्हटलं.

दवाखान्याच्या पोरीनं सांगतलं, खोल नेऊ नका, कडेले बसवा, गार पाण्यानं बरंच वाटन. वर्षा तिले कपडे बदलाले घेऊन गेली. परत आली तं मी ओळखलीच नाही. निळ्या कपड्यात ती केवढीशी दिसत होती! हातावरचं गोंदण अर्धं बाहीखाली गेलेलं, डोक्यावर गुलाबी टोपी. लाजून तिनं टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला होता.

"हसू नको," ती मले म्हणे.

"नाही हसत."

"पिशव्या चार हायेत. चपला खाली हायेत. वर्षाचं मंगळसूत्र लाल पिशवीत, रुमालात. उठजो नको."

"हव."

एका बाजूनं निशी, एका बाजूनं वर्षा, पुढं अक्षय, अशी ती तापलेल्या फरशीवरून टाचा उचलत गेली. भिंतीच्या कोपऱ्यावर वळली अन् दिसेनाशी झाली.

मी बाकड्यावर बसलो. लाकूड असं तापलं होतं का मी उठून टॉवेल टाकला अन् पुन्हा बसलो. तेव्हा मले पहिल्यांदा समजलं का या जागेवरून पाणी दिसतच नाही. मधात कपडे बदलाच्या खोल्या, त्याच्यापुढं डायनासोरची पाठ. दिवसभर ती त्या पाठीकडं पाहत बसली होती. भोंगा पुन्हा वाजला. लाट सुटली असन, कारण एकदम शेदोनशे माणसं ओरडली. पोट्टे, बाया, माणसं, सारे. मी कान देऊन ऐकलं. त्यात एक आवाज माझ्या मायचा होता. पण माझी माय मोठ्यानं ओरडली का कशी ओरडते ते मले मालूमच नव्हतं. जल्मात ऐकलं नव्हतं. कोणता तिचा, मले काही सांगता येईना.

उठावं म्हटलं. कोपऱ्यापर्यंत जावं, एक नजर टाकावी, परत यावं. पाच पावलं गेलोही. मागं पाह्यलं तं चार पिशव्या, पाच जोड चपला. परत येऊन बसलो.

वीस मिनिटांनी ती आली. टोपी वाकडी, नाकातून पाणी, एका गुडघ्याले खरचटलेलं. पडली होती, अन् दम लागेपर्यंत हसत होती. निशी सांगू लागली, "पप्पा, दादी दोनदा पडली! दुसऱ्यांदा तं मुद्दाम पडली!"

"पाह्यलं मी," मी म्हटलं. "मस्त पडली तू, याडी."

याडीनं टॉवेलनं तोंड पुसलं. माझ्या बाजूले बाकड्यावर बसली, पिशव्या मोजल्या, मग समोर डायनासोरच्या पाठीकडं पाह्यलं.

"नाही दिसत रे बेटा इथून," ती म्हणे. "मले मालूम हाये."