ऑपरेशन पाठीचं, आळ चष्म्यावर

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. काळ्या जाड काड्यांचा, जवळचं दाखवणारा. इचलकरंजीच्या एका दुकानात माझ्या काचा बसल्या आणि मी कबनूरच्या फक्रुद्दीनभाईंच्या नाकावर चढलो.

फक्रुद्दीनभाई यंत्रमागाची फणी भरायचे. दिवसभर पाठीत वाकून हजारो तारा एकेक करून फणीतून ओढायच्या. एक तार चुकली तर कापडात रेघ पडते. "माझं निम्मं डोळं ह्या चष्म्यात हायत," असं ते सांगत आणि मी फुगून जाई.

पण पाठीनं दगा दिला. पाय बधिर होऊ लागले. १९७६ साली मोठ्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. सात तास ते पालथे होते आणि मी त्यांच्या बायकोच्या, अमीरबीच्या ओच्यात.

शुद्धीवर येताच ते म्हणाले, "चष्मा दे. अंधार का केलाय?"

बाहेर टळटळीत दुपार होती. अमीरबीनं मला त्यांच्या नाकावर ठेवलं.

"काय बी दिसंना की! पुस त्यो."

तिनं पदरानं पुसलं. पुन्हा तेच. मित्रांनो, मी लख्ख होतो! उजेड माझ्यातून जात होता, मग पलीकडे पोचत का नव्हता? मला काही उमजेना.

"नंबर वाढला आसंल," अमीरबी म्हणाली. डॉक्टर तर पाठीचे, त्यांना चष्म्याचं काय सांगायचं? ती मला दुकानात घेऊन गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोन दिवसांनी जाड काचा लावून मी परतलो. तरी काळोखच. फक्रुद्दीनभाई हंबरडा फोडून रडले, तेव्हा कुठे डॉक्टर धावत आले.

"रक्त बरंच गेलं होतं. डोळ्यांच्या नसांना ते पुरलं नसावं," ते चाचरत म्हणाले. "फार क्वचित होतं असं. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर दिसलं आसतं?" अमीरबीनं विचारलं.

"तेही मला सांगता येत नाही."

पाय परत आले, डोळे गेले. वर्षभर मी कोनाड्यात अपराध्यासारखा पडून होतो. मग एक दिवस अमीरबीनंच मला आपल्या नाकावर चढवलं. त्या जाड काचा तिला कशा लागू पडल्या, कोण जाणे! आता फक्रुद्दीनभाई बोटांनी चाचपून एकेक तार पुढे करतात आणि ती आकड्यानं फणीतून ओढते.

परवा हात थांबवून ती माझ्यातून त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. "अवो, डोळं तर चांगलं हायत की. मग गेलं काय?"

"मला काय ठावं? म्होरली तार घे."

मित्रांनो, एरवी मी 'काचा जपा' एवढंच सांगितलं असतं. आज हात जोडून सांगतो, ऑपरेशननंतर कुणाला दिसेनासं झालं, तर चष्मा पुसत बसू नका. आधी डॉक्टरांना हाक मारा.