मापाची वही

"तीनच महिने?" बँकेतल्या बाईंनी पगाराच्या तिन्ही पावत्या पुन्हा एकदा पुढून-मागून पाहिल्या. "एवढ्यावर कसं देणार हो घराचं कर्ज? अजून नोकरीत कायमसुद्धा नाही झालात."

"पण काम तेच आहे ना, मॅडम. आधी अकरा वर्षं शिंप्याच्या दुकानात, आता गणवेशाच्या कारखान्यात. कापड बेतायचं आणि कापायचं."

"त्या अकरा वर्षांचा काही कागद?"

तिचा हात आपसूक अंबाड्यात खोचलेल्या पेन्सिलीकडे गेला. अडलं की पेन्सिल चाचपायची, ही तिची जुनी खोड. कागद कुठला असणार? दुकानात सगळा तोंडी कारभार.

"जुन्या मालकांकडून दाखला आणा," बाई म्हणाल्या. "किती वर्षं होतात, काय काम करत होतात, खाली सही-शिक्का. शुक्रवारी साहेब फाइली बघतात. तो शुक्रवार चुकला की पुढच्या महिन्यावर गेलं."

आणि घर विकणारा महिनाअखेरच्या पुढे एक दिवस थांबायला तयार नव्हता. दोनच खोल्या, तिसरा मजला, पण खिडकी पूर्वेची. नवरा रंगारी, जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या त्याने. आता राहत होते त्या भाड्याच्या खोलीत मात्र मालकाची सक्त ताकीद होती: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चिऊची सगळी चित्रं गादीखाली जायची. नवं घर बघून आल्यावर पाच वर्षांच्या त्या पोरीने एकच विचारलं होतं, "आई, तिथे खिळा मारला तर चालेल?"

त्या संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. आत मास्तर एकटेच होते. शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, तीही म्हणायची.

"या, कारखानदारीणबाई!" कात्री न थांबवता ते म्हणाले. "वाट चुकलात?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "फक्त दोन ओळी लिहून द्या, मास्तर."

कात्री थांबली.

"गेलीस तेव्हा नवऱ्याकडून निरोप धाडलास. अकरा वर्षं माझ्या पुढ्यात बसलीस आणि जाताना उंबऱ्याबाहेरून निरोप! आणि आता मी दोन ओळी लिहू?"

"चुकलं माझं. तुमच्यासमोर उभं राहून जाते म्हणायचा धीर झाला नाही."

"बरं. जा आता. गिऱ्हाईक यायचंय."

गिऱ्हाईक कुणी यायचं नव्हतं. तिलाही ते कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही. ती पायरी उतरली.

"कापड बघून बेतावं माणसानं," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "आपणच जास्त बेतलं."

"अगं, तू शुक्रवारी बँकेत जा तर खरी," तो म्हणाला. "नाही म्हणायला त्यांना तोंड आहे ना? मग ते म्हणतील. आपण कशाला आधी म्हणायचं?"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती धावतपळत बँकेत पोचली. काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. आणि बघते तर बाईंच्या टेबलासमोर मास्तर! अंगात लग्नकार्यातला कोट, मांडीवर चिंध्यांच्या दोरीने बांधलेला वह्यांचा गठ्ठा.

"तुमचेच का हे?" बाई हसू दाबत म्हणाल्या. "दहा वाजल्यापासून बसलेत. आजोबा, मी एक कागद मागितला होता, तुम्ही बारा वह्या आणल्यात!"

"बघा तरी," मास्तरांनी गाठ सोडली. "मापाच्या वह्या आहेत. वर तारीख, मग नाव, मग छाती, खांदा, बाही. अक्षर सगळं हिचं. अकरा वर्षांत एक दिवस गाळलेला दिसला तर सांगा."

"पण मला दाखला लागतो हो. लिहिलेला."

"लिहिणारंच माणूस तुमच्याकडे कर्ज मागायला आलंय," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले. "मग लिहिणार कोण?"

बाईंनी सगळ्यात वरची वही उघडली. अर्ध्यापर्यंत तिचं गोल अक्षर होतं. ती गेली त्या दिवसापासून पुढे नावंच नव्हती. नुसते आकडे, आणि प्रत्येक मापाशेजारी एक इवलंसं चित्र. कुठे चष्मा, कुठे झुपकेदार मिशी, कुठे काठी.

हात खडूचे आहेत, तूच लिही. चष्मा घरी राहिला, तूच वाच. अकरा वर्षं ती मास्तरांकडून हे ऐकत आली होती. आधी मास्तरांची बायको लिहायची, ती गेली त्याच महिन्यात हिला कामावर घेतलं होतं. कापडातला बोटभर फरक आपण लांबून हेरतो, आणि एवढं ढळढळीत दिसलं नाही!

बाईंनी वही हळूच मिटली. एक कोरा कागद पुढे सरकवला. "मजकूर कुणीही लिहू दे. सही-शिक्का तुमचा, आणि तोही माझ्यासमोर. झालं."

तिने अंबाड्याकडे हात नेला. "पेन घ्या," बाई म्हणाल्या.

"लिही," मास्तर सावरून बसले. "ही बाई माझ्याकडे अकरा वर्षं कापड बेतत होती. वीतभर कापडसुद्धा कधी वाया घालवलं नाही."

"मास्तर, तो निळा कोट..."

"कोट मी विसरलो. तूही विसर. लिही, हिला काही शिकवावं लागलं नाही. नाही, थांब, ते खोड. शिकवलं मी. शिकवलेलं विसरली नाही, असं लिही."

"बरं. पुढे?"

"गेली, तेव्हा दुकान अर्धं झालं."

पेन थबकलं. तिने बाईंकडे पाहिलं.

"हे नको," बाई हलकेच म्हणाल्या. "एवढं बँकेला लागत नाही."

"मग राहू दे," मास्तर म्हणाले, आणि सुईत दोरा ओवावा तशी एकेक अक्षर जपत सही केली, खाली दुकानाचा शिक्का उठवला.

कर्ज मागितलं त्याहून थोडं कमी मिळालं, पण महिनाअखेरच्या आत मिळालं. "रंगाची मजुरी तरी वाचली," नवरा म्हणाला, आणि स्वतःच्या भिंतीवर पहिला हात मारताना उगाचच दहा मिनिटं थांबला.

राहायला गेल्याच्या पहिल्या रविवारी मास्तर टेप आणि मापाची वही घेऊन हजर. "खिडकी उघडीबोडकी ठेवतात का? पडदा माझ्याकडून."

ते स्टुलावर चढले, उंची घेतली, रुंदी घेतली. सवयीने तिने वहीसाठी हात पुढे केला.

"असू दे," ते म्हणाले आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाकून स्वतःच लिहीत राहिले. बराच वेळ.

"मास्तर, दर रविवारी येत जाईन. नावं लिहायला."

"ये बाई. माझी चित्रं संपत आलीत. गल्लीत मिशीवाले तीन झालेत."

आतून चिऊची हाक आली. बापाने धरलेल्या खिळ्यावर ती हातोडी मारत होती. मास्तर कौतुकाने बघायला गेले. वही कट्ट्यावर उघडीच होती.

दोन आकडे, आणि शेजारी एक अंबाडा. अंबाड्यात तिरकी खोचलेली पेन्सिल.

तिचा हात केसांकडे गेला. आत भिंतीवर खिळा ठोकल्याचा आवाज येत राहिला.