आठ दिवसांची सोय

“दोन्ही केबल सारख्याच लांबीच्या कशा, साहेब?” शंकारावांनी केबलमध्ये प्रकाश सोडून लांबी मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं.

“असतील जवळपास.”

“जवळपास नाही. मीटरला मीटर.”

शंकाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं फायबर जोडणाऱ्या या माणसाला ऑफिसात सगळे असंच म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. बायको म्हणायची, “तुम्हाला तर माझ्या सावलीचाही भरवसा नाही.”

गावातले रुग्णवाहिकेचे सगळे फोन या दोन केबलवर होते. नेहमीची पुलाखालून, राखीव मात्र टेकडीला वळसा घालून. एक तुटली तर क्षणात सगळे फोन दुसरीवर वळायचे. टेकडीची वाट चांगली तीन किलोमीटरने लांबची. मग आकडा सारखा कसा? आणि उद्या पुलापाशी खोदकाम सुरू होणार होतं.

“नकाशात वाटा वेगळ्या आहेत ना?” साहेब म्हणाले. “शुक्रवारी तुमचा निरोपसमारंभ. कशाला नसती उठाठेव?”

साहेबांनी नजर चुकवली असं शंकारावांना वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. केबल टाकणारा ठेकेदार पहिल्यापासून गोडबोल्या. आधीचे साहेब बढती मिळताच घाईने निघून गेले होते. एकेकाला मनातल्या मनात उभं करत ते पुलाजवळ पोचले आणि केबलच्या चेंबरचं झाकण उचललं.

एकाच पाइपातून दोन्ही केबल निघत होत्या. शंकारावांना, खोटं कशाला सांगायचं, आनंद झाला. जाता जाता चोर सापडला होता.

राखीव केबलला एक पट्टी बांधलेली होती. अंगठ्याने चिखल पुसून त्यांनी वाचलं. ‘टेकडीवर दरड. तात्पुरती सोय. आठ दिवसांत हलवणे.’ तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर त्यांचं स्वतःचं.

त्या आठवड्यात मुलगी तापाने फणफणली होती, एवढं आठवलं. रजेवरून आल्यावर दुसरंच काम हाती आलं होतं. ते चेंबरच्या काठावर बसून राहिले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ऑफिसात येऊन त्यांनी आधी खोदकाम थांबवायला लावलं. मग अहवाल लिहिला आणि ‘जबाबदार’च्या रकान्यात पूर्ण नाव घातलं.

साहेबांनी वाचलं. “हे कोण?”

“मीच.”

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. “पट्टी कुठंय? पट्टी कुणी बघितली नाही, असंही लिहिता येईल.”

“अहवालाला जोडलीय.”

“समारंभाचं काय करायचं मग?”

“नको, राहू दे.”

संध्याकाळी त्यांनी सामानाच्या खोलीला कुलूप लावलं. सवयीने ओढायला हात पुढे गेला आणि थांबला. साहेब जिना उतरत होते.

“साहेब,” ते म्हणाले, “एकदा तुम्ही ओढून बघता का?”