तीन नंबरचा नाका

कल्पना करा, तुमच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणारा निळा लष्करी कोट आहे आणि खांद्यावर लाकडी बंदूक. समोर कॅन्ससचे माळरान, आडोशाला एक झाड नाही. वारा असा, की टोपी हाताने धरली नाही तर ती पुढच्या गावात जाऊन पडेल. पाठीमागच्या भट्टीतून ताज्या पावाचा वास येतो आहे, सगळा वर्ग तिकडे गेला आहे, आणि तुम्हाला मात्र जागा सोडायची परवानगी नाही. पायांत मुंग्या आल्या? मग ओडेसा क्रेब्ज तुम्हाला लगेच कळेल.

आमच्या फोर्ट हॅलोरनवर मे महिन्यात शाळांच्या सहली येतात. इथे दोरीमागे उभे राहून बघायचे नसते. मुले दिवसभरासाठी या जुन्या ठाण्याची पलटण होतात. कोणी कणीक तिंबते, कोणी फळीवर कपडे घासते, कोणी कवायत करते आणि चौघे चार नाक्यांवर पहाऱ्याला जातात. मी त्यांचा सार्जंट. पिवळ्या पट्ट्याची विजार मला दरवर्षी थोडी आणखी घट्ट होते.

त्या दिवशी ओडेसा बसमधून उतरली ती थेट तोफेच्या चाकावर चढली. तिथून उतरवली तर गवताच्या गंजीत शिरली. तिच्या शिक्षिका ड्रायलिंग बाईंनी तिला कोटाच्या कॉलरला धरून बाहेर काढले.

"ओडेसा, मागच्या सहलीत तुला शोधता शोधता आमची जेवणं राहिली होती. आज एकदा जरी दिलेली जागा सोडलीस, तर थेट बसमध्ये. तोफ विसर."

हे ऐकून तिने अंगावरचे गवत झटकले आणि ती सरळ उभी राहिली. जेवणानंतर आम्ही तोफेचा एक बार उडवतो आणि त्यासाठीची दोरी एकाच मुलाला ओढायला मिळते. सकाळी बसमध्येच त्यासाठी काड्या ओढल्या होत्या आणि लांब काडी ओडेसाच्या हाती आली होती. तेव्हापासून ती हवेतल्या हवेत दोरी ओढत होती.

"हिला काहीही द्या, पहारा नको," बाई माझ्या कानात म्हणाल्या. "दोन मिनिटं एका जागी टिकत नाही ही."

मी तिला तीन नंबरच्या नाक्याचा पहाराच दिला. पहारेकरी उभा राहत नाही, येरझाऱ्या घालतो. पायांना काम मिळाले की अशी मुले सुधारतात, हे मी इथे पुष्कळदा पाहिले आहे.

पहारेकऱ्याला हुकूम पाठ करावे लागतात. 'ही जागा आणि इथून दिसणारी सगळी सरकारी मालमत्ता माझ्या ताब्यात आहे. कॉर्पोरलने बदली दिल्याशिवाय मी जागा सोडणार नाही.' आणि काही विपरीत दिसले तर धावायचे नाही. "कॉर्पोरल, नाका तीन!" असे ओरडायचे. शेजारच्या नाक्याने तीच हाक पुढे द्यायची, ती चौकीपर्यंत पोचते आणि कॉर्पोरल धावत येतो. आमचा त्या दिवसाचा कॉर्पोरल होता रूबेन. मुलगा चांगला, पण सकाळपासून भुकेला.

जेवणाचा बिगुल वाजला. आधी कॉर्पोरलने पहारेकऱ्यांना बदली द्यायची, म्हणजे त्यांचा पहारा स्वतःकडे घ्यायचा, आणि मग जेवायचे, असा क्रम. पण भट्टीचे दार उघडले, वास सुटला, आणि रूबेन नाक्यांऐवजी तिकडे वळला. ते पाहून बाकीचे तीन पहारेकरीही पळाले. राहिली एकटी ओडेसा. पुढचे मला पाव काढता काढता खिडकीतून थोडे दिसले, उरलेले तिने सांगितले.

खेचरांच्या वाड्याचे फाटक वाऱ्याने धडाधडा आपटत होते. कोणीतरी कडी लावायला विसरले होते. पर्ल नावाची आमची खेचर-मादी बाहेर आली, तिने इकडेतिकडे पाहिले आणि ती सावकाश सडकेकडे निघाली. त्या सडकेवरून धान्याचे ट्रक भरधाव जातात.

ओडेसा ओरडली. दोन नंबरचा नाका रिकामा. ती पुन्हा ओरडली, गळा फाटेस्तोवर. वाऱ्याने हाक भलतीकडेच नेली. ती आपल्या येरझारीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत गेली. पर्ल सडकेला लागायला थोडेच अंतर उरले होते.

ओडेसाने बंदूक जमिनीवर ठेवली आणि ती धावली.

तिने पर्लच्या गळ्यातले लोंबते दावे पकडले, जोर लावून ओढले. पर्लने चारही पाय रोवले. ती चिडली, आणखी ओढले. मग दावे सैल सोडून तिने पाठ फिरवली आणि पहाऱ्यावर चालावे तशी सरळ चालू लागली. पर्ल मागोमाग आली.

नेमक्या तेव्हाच बाई बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागे मी.

"ओडेसा! सडकेकडे काय करत होतीस?"

"पर्ल सुटली होती, बाई."

"मग हाक मारायची!"

"मारली की! दोनदा. दोन नंबर पाव खात होता."

"खात नव्हतो," दोन नंबर भरल्या तोंडाने म्हणाला. "नुसता वास घ्यायला गेलो होतो."

पोरे हसली. बाई हसल्या नाहीत. "तुला काय सांगितलं होतं मी? चल, बसमध्ये."

ओडेसाने बंदूक उचलली आणि खांद्याला लावली. "जाते, बाई. पण मला बदली नाही मिळाली अजून."

"सार्जंट, तुम्ही सांगा हिला."

"मला नाही सांगता येत, बाई. कॉर्पोरललाच यावं लागेल."

रूबेनला पुढे ढकलण्यात आले. त्याच्या हनुवटीला लोणी होते.

"विसरलास तिला?" बाईंनी विचारले.

"विसरलो नाही, बाई. एक तुकडा खाऊन जाणार होतो."

"एकच?"

"गरम होते ना..." तो पुटपुटला. मग ओडेसासमोर टाचा जुळवून उभा राहिला. "नाका तीन, तुझ्या ताब्यात काय?"

"ही जागा. गवताची गंजी. आणि पर्ल. हिला ओढायचं नाही, पुढे चालायचं, म्हणजे येते." तिने खांद्यावरची बंदूक सावरली. "जागा मी एकदा सोडली. हाकेला कोणी आलं नाही म्हणून."

रूबेनचे कान लाल झाले. "पहारा घेतला," तो हळूच म्हणाला आणि त्याने दावे हातात घेतले.

बाईंनी ओढणीसारखा फडफडणारा आपला रुमाल गळ्याशी आवळून बांधला. मग त्यांनी टाळी वाजवली. "चला, तोफेपाशी रांग लावा. ओडेसा, तू सगळ्यांच्या पुढे."

पोरांनी आरोळी ठोकली आणि सगळी तोफेकडे धावली. ओडेसाही धावली, पण उलट्या दिशेने.

इतका वेळ आम्ही तिथे न्यायनिवाडा करत बसलो होतो आणि वाड्याचे फाटक तसेच उघडे होते. दुसऱ्या खेचराची मान बाहेर आली होती. ओडेसाने खांदा लावून फाटक लोटले, कडी बसेना तेव्हा कोटावरचा पट्टा सोडला आणि दात-ओठ खात त्याने फाटक बांधून गाठीवर गाठ मारू लागली.