थंड इंजिनाची अट

जुनी गाडी बघायला जायचं तर माझी एकच अट असते: इंजिन थंड पाहिजे. तापलेल्या इंजिनाचे सगळे रोग झाकले जातात. थंड इंजिन मात्र खोटं बोलत नाही. खोकायचं असेल तर खोकतं, धूर सोडायचा असेल तर सोडतं, पोटात जे काय असेल ते पहिल्या मिनिटात ओकून टाकतं. पूर्वी एका गोडबोल्यानं मला चांगलंच गंडवलं होतं, तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मी गिऱ्हाइकाला वाकडा खिळा देत नाही, तर मला का कुणी वाकडी गाडी द्यावी, असा माझा साधा राग.

ही गाडी मात्र तोरिनो होती. लांब नाकाची, दोन दारांची, आमच्या कोर्दोबातच घडलेली. लहानपणी शर्यतीच्या दिवशी डोंगरापलीकडून तिचा आवाज आला की आम्ही पोरं ताटावरून उठून पळायचो. तेव्हापासून ती माझ्या डोक्यात बसलेली. बायको म्हणायची, "घ्या हो घ्या, पण पोट मावणार आहे का तिच्यात, ते आधी बघा."

जाहिरात दिली होती दूर रोसारिओ शहरात राहणाऱ्या एका मुलीनं. फोनवर म्हणाली, "गाडी माझ्या भावाची. तो गेला, चार वर्षं झाली. तेव्हापासून कुणी चालवलेली नाही. आईबाबांना मला माझ्याकडे आणायचंय, पण ती गाडी तिथं आहे तोवर ते हलत नाहीत." मी माझी अट सांगितली. ती म्हणाली, "चालू कोण करणार तिथं? थंडच असते."

जुलै महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. सकाळी गवतावर दव गोठलेलं. मी माझा मेव्हणा तुलिओ याला बरोबर घेतला. तो मेकॅनिक आहे, आणि बोलायला लागला की त्याला ब्रेक नसतात. घर गावाच्या टोकाला होतं. दार निल्दाबाईंनी उघडलं, मुलीच्या आईनं. पंचाहत्तरीची, चणीनं लहानशी, केस घट्ट बांधलेली बाई. आत चुलीजवळ त्यांचे यजमान आन्सेल्मो बसले होते, उजव्या हातात माते नावाच्या आमच्या कडू चहाचा नळीवाला पेला, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

"त्यांना झटका येऊन गेला," बाई हळूच म्हणाल्या. "काही आठवत नाही आता."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नळीतून घोट घेतला.

गॅरेजमध्ये चादर काढली आणि माझा श्वासच अडला. गडद निळी, नाकावर बैलाचं चिन्ह, काचेवर धुळीचा कण नाही. तरी सवयीनं मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

गरम होतं.

"बाई, तुम्ही चालू केलीत का?"

"छे हो. मी कशाला?"

तुलिओनं माझ्याकडे बघून एक भुवई उडवली आणि कामाला लागला. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक त्यानं सगळ्या पत्र्यावरून फिरवलं, म्हणजे कुठं पुट्टी भरून कुजका पत्रा झाकलाय का ते कळतं. चासीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. दारं उचलून बिजागऱ्या बघितल्या. मग आत बसायला गेला आणि अडकला. ड्रायव्हरची सीट पार पुढं ओढलेली होती, स्टिअरिंग त्याच्या पोटात घुसलं.

"पोरगा बुटका होता का हो?"

"माझा फाब्रि?" बाईंना हसू आलं. "दारातून वाकून यायचा."

मग त्या हसायच्या थांबल्या.

बाहेर आल्यावर तुलिओ म्हणाला, "दाजी, पत्रा झकास आहे. पण इथं पाणी मुरतंय. टायर एका जागी उभे राहून खालून चपटे झालेत, म्हणजे गाडी हललेली नाही. तेल बघा तर ताजं. आणि सायलेन्सरच्या मागची भिंत बघितलीत? थाळीएवढा काळा डाग. ही गाडी कुठं जात नाही, पण रोज चालू होते."

"म्हणजे थंडीतलं दुखणं लपवतायत."

"नाहीतर पोरगा येऊन चालू करत असेल," तुलिओ म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

शहाण्या माणसानं तिथंच नाद सोडला असता. मी दोन दिवसांनी न सांगता पुन्हा गेलो, आणखी लवकर. बाईंनी गाऊनवरच दार उघडलं. मी थेट गॅरेजात जाऊन हात लावला. गरम. नुकत्याच जळलेल्या पेट्रोलचा वास तिथं भरून राहिला होता. मग माझा तोल गेला.

"बाई, मी पण दुकानदार आहे. गाडीत खोट असेल तर सरळ सांगा, मी तेवढी किंमत कमी करीन. पण म्हाताऱ्या माणसानं असं फसवू नये."

त्यांनी घराकडे बघितलं आणि गॅरेजचं दार आतून लोटून घेतलं.

"त्यांच्यासाठी करते," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून आले ते विचारतच आले, फाब्रि कुठंय. खरं सांगितलं की पोरगा आत्ताच गेल्यासारखे रडायचे. दुसऱ्या दिवशी विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. रोज त्यांच्यासाठी तो नव्यानं मरायचा. मग मी एकदा म्हटलं, कामावर गेला, आवाज नाही आला का गाडीचा? गप्प झाले बिचारे. तेव्हापासून पहाटे चालू करते. तो निघायचा तेवढ्या वेळेला. थोडा वेळ चालू ठेवते, मग बंद करते."

मी ज्या तोंडानं 'फसवू नये' म्हणालो होतो, ते तोंड लपवायला जागा नव्हती. तरीही मी जातीचा हट्टी. गाडी मला हवी होती आणि ती थंड बघायची होती.

"फक्त एक सकाळ, बाई. उद्या चालू करू नका. मी उजाडायच्या आत येतो, एकदा आवाज ऐकतो, मग लगेच बोलू. हवं तर चावी माझ्याकडे द्या, म्हणजे तुम्हालाही मोह नको."

त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली, पण बोटं काही सुटेनात. मला ती हळूच ओढून घ्यावी लागली.

त्या रात्री झोप कशी ती लागली नाही. दुसऱ्याच्या घरातली काहीतरी चालू असलेली वस्तू मी उगाच बंद पाडून आलोय असं वाटत राहिलं. अंधारातच उठलो, गेलो. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत काळोख. चावी माझ्या खिशात होती, मी ती बाहेरूनच चाचपून बघितली. मग आत जाऊन बॉनेटवर हात ठेवला.

गरम. नुसतं कोमट नाही, गरम. पत्र्याखाली इंजिन निवताना टक टक वाजतं, तसं वाजत होतं.

अंगावर काटा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पळायला हवं होतं, पण पाय जागचे हलेनात. तुलिओचा विनोद कानात घुमायला लागला. काचेतून मला ड्रायव्हरच्या जागी बसलेलं डोकं दिसत होतं. सीट मागं सारलेली होती, उंच माणसानं सारावी तशी.

"ये, बस," आतून आवाज आला. "दार जपून लाव, ती जागी आहे."

आन्सेल्मो होते. काठी मांडीवर आडवी. मी पलीकडून आत बसलो.

"चावी तर माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"तुझ्याकडे तिची आहे. ही फाब्रिची." त्यांनी स्टिअरिंगखाली लटकणारी चावी बोटानं हलवली.

"तुम्हाला तर काही आठवत नाही म्हणाल्या."

"सगळं आठवतं. तेच तर वाईट आहे."

ते थोडं जड बोलत, पण एकेक शब्द नीट लागत होता.

"दवाखान्यातून आलो तेव्हा डोकं फिरलेलं होतं, खरं आहे. विचारलं असेन फाब्रि कुठंय म्हणून. रडलो पण असेन. मग एक दिवस ती म्हणाली, कामावर गेलाय. तोवर माझं डोकं ठिकाणावर आलं होतं. मी म्हणणार होतो, निल्दा, असं बोलू नकोस. पण तिचा चेहरा बघितला. उजळला होता रे. पोराला पुरून आलो तेव्हापासून तसा बघितला नव्हता. म्हणून मी रोज विचारायला लागलो."

"म्हणजे त्या तुमच्यासाठी गाडी चालू करत नाहीत?"

"माझं दुखणं गेल्या वर्षीचं. गाडी ती चार वर्षं तापवतेय. मी आजारी पडलो, तिला सांगायला कारण मिळालं, इतकंच."

बाहेर कुठंतरी कोंबडा आरवला. म्हातारा समोरच्या काळ्या काचेकडे बघत होता.

"त्या सकाळी असंच गोठलं होतं. पोरानं चोक ओढून, स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवली, पण गाडी काही चालू झाली नाही. मित्र मोटारसायकलवरून कामाला चालला होता, हा त्याच्यामागं बसला. पुलाजवळच्या वळणावर ट्रक आला." त्यांनी चांगला हात उचलला आणि खाली टाकला. "दुसऱ्या दिवसापासून निल्दा पहाटे उठून गाडी तापवते. म्हणजे त्याला निघताना चालू व्हावी. तू येऊन म्हणतोस, थंड ठेवा."

"आज उठून चावी शोधत होती. तुला दिलेली विसरली. पिठाच्या डब्यात बघितलं, माझ्या उशीखाली बघितलं. गार आहे, चालू होणार नाही, त्याला उशीर होईल, असं म्हणत घरभर फिरत होती, अनवाणी. मला बघवेना. येऊन चालू करून दिली. आवाज आला तशी शांत झाली आणि चूल पेटवायला गेली."

"मग विकता कशाला?"

"मला दुसरा झटका आला की ही इथं एकटी राहील, हिच्याबरोबर." त्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "कधीतरी दार लावून घेईल, धूर आत कोंडेल, आणि तिला कळणार पण नाही. पोरगी बोलावते तर जात नाही. तुझ्याआधी दोघं येऊन गेले. दोघांनी बॉनेटला हात लावला, दोघं पळाले. हुशार होते. तू येडा दिसतोस, पुन्हा पुन्हा येतोस. तू घेऊन जा. आज, आत्ता. कागद मुलगी करेल. गाडी गेली की माझ्याबरोबर निघेल ती, या घरात मग कशासाठी थांबेल?"

"पण अजून थंड..." माझ्या तोंडून निघालं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा मात्र हसला. पहिल्यांदाच.

"थंडीत चालू केली की निळा धूर सोडते. पहिला गियर खरवडतो. डाव्या दाराखाली पत्रा कुजलाय, फाब्रिनं तिथं आतून दुसरा पत्रा बसवलाय. तुझ्या त्या बडबड्या मेव्हण्याच्या चुंबकाला काय कळणार? झालं समाधान?"

ते काठी टेकत उतरले आणि जाऊन फाटक उघडलं. मी त्यांच्या जागी सरकलो. सीटला हात लावावा लागला नाही. चावी फिरवली तसं ते इंजिन असं गुरगुरलं की लहानपणचा तो डोंगर आठवला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला भरून आलं. गाडी सरळ पुढं घेत फाटकाबाहेर काढली, तोच घराचं दार उघडलं.

निल्दाबाई धावत आल्या. केस मोकळे, पायात काही नाही. मला वाटलं आता ओरडतील, बॉनेटवर आडव्या पडतील. मी काच खाली केली आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी खिडकीतून फडक्यात बांधलेलं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. पावात घातलेल्या मटणाच्या कापाचा वास आला, अजून गरम होता. मग त्यांनी हात आत घालून माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"त्या मोटारसायकलवर बसू नकोस हं, फाब्रि."

मी पन्नाशीकडे झुकलेला, टक्कल पडलेला हार्डवेअरवाला. माझ्यात आणि त्या सहाफुटी पोरात काय सारखं होतं, देव जाणे. त्यांच्या मागं आन्सेल्मो काठीवर भार देऊन उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. खोटं बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलोय.

"नाही बसणार, आई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गालावर थोपटलं आणि बाजूला झाल्या. मी गियर टाकला, तो खरवडला. आन्सेल्मो फाटक लावायला पुढं झाले, तशी बाईंनी त्यांचा दंड धरला.

"राहू द्या उघडंच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दमून येतो, त्याला उतरावं लागायला नको."